उरलेली हवा : वाफेतून निर्वात घडवण्याचा तीनशे वर्षांचा इतिहास

१/२२
साखर कारखान्यात गेलेल्या माणसाचे लक्ष गव्हाणीत कोसळणाऱ्या उसाकडे जाते, धुराड्याकडे जाते. इमारतीच्या वरच्या अंगाला बसवलेल्या एका मोठ्या लोखंडी पिंपाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. त्या पिंपातून एक जाड नळ सरळ खाली उतरतो आणि पाण्याच्या हौदात बुडतो. नळाची उंची दहा मीटरांहून थोडी अधिक असते. ही उंची कोणा मालकाने किंवा गवंड्याने ठरवलेली नाही. पृथ्वीभोवतीच्या हवेच्या वजनाने ती ठरली आहे. पिंपाचे नाव कंडेन्सर, आणि तिथे तयार होणारी वस्तू म्हणजे पोकळी. हा धागा त्या पोकळीच्या इतिहासाचा आहे.

२/२२
कारखान्याला पोकळी कशासाठी लागते? पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे समुद्रसपाटीच्या हवेखाली खरे. वरचा दाब कमी केला की उकळबिंदू उतरतो. हवेचा सर्वसाधारण दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो. तो १०० मिलिमीटरवर आणला, तर पाणी सुमारे ५२ अंशांनाच उकळू लागते. त्यामुळे उसाचा रस न करपता आटवता येतो, खनिज तेलाचे जड अंश न फुटता ऊर्ध्वपातित करता येतात, आणि वाफेच्या यंत्रातून तेवढ्याच कोळशात अधिक काम मिळते. आधुनिक उद्योगाचा फार मोठा भाग या एका गोष्टीवर उभा आहे. प्रश्न एवढाच होता की, ही पोकळी घडवायची कशी आणि टिकवायची कशी.

३/२२
कहाणीची सुरुवात इटलीतील विहिरींपाशी होते. चोषण पंपाने पाणी सुमारे दहा मीटरांपलीकडे चढत नाही, हा कारागिरांचा अनुभव गॅलिलिओने १६३८ मधील आपल्या ग्रंथात नोंदवला. त्याचे कारण त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३-४४ च्या सुमारास उलगडले. पंप पाणी ओढत नाही. बाहेरची हवा ते वर ढकलते, आणि तिची ताकद तेवढीच आहे. हवा पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर उंच स्तंभ तोलते, तर पाण्याचा सुमारे १०.३ मीटर. कारखान्यातल्या त्या नळाची उंची याच मोजमापातून आली. पोकळीला स्वतःची कसलीही शक्ती नसते; शक्ती असते ती बाहेरून रेटणाऱ्या हवेची. पुढची सगळी यंत्रे या एका जाणिवेवर उभी राहिली.

४/२२
त्याच शतकात माग्डेबुर्गच्या ऑटो फॉन गेरिके याने हवा उपसण्याचा पंप बनवला. दोन पोकळ अर्धगोल जोडून त्यांतील हवा त्याने काढली आणि घोड्यांनी ओढूनही ते सुटेनात, हा प्रयोग युरोपभर गाजला. पण हाताने चालणाऱ्या पंपाने कारखाना चालत नाही. दुसरा मार्ग दनी पापँ याने १६९० मध्ये सुचवला. भांडे वाफेने भरा, मग थंड करा. वातावरणीय दाबाला एक लिटर पाण्याची सुमारे १६०० ते १७०० लिटर वाफ होते. तीच वाफ थंड होऊन पुन्हा पाणी झाली की सारी जागा रिकामी. हवा उपसण्याचे कष्टच नाहीत. वाफ आपण होऊन नाहीशी होते आणि मागे पोकळी ठेवते.

५/२२
ही कल्पना व्यवहारात उतरवली इंग्लंडच्या टॉमस न्यूकमेनने. १७१२ मध्ये डडली किल्ल्याजवळच्या कोळशाच्या खाणीवर त्याचे इंजिन पाणी उपसू लागले. सिलिंडरमध्ये वाफ सोडायची, आत थंड पाण्याची धार मारायची. वाफ विरे आणि बाहेरची हवा पिस्टन खाली दाबे. पण थोड्याच वेळात एक अडचण पुढे आली. वाफ विरते, हवा विरत नाही. पाण्यात मुळातच थोडी हवा मुरलेली असते. ती दर फेरीला सिलिंडरमध्ये साचू लागली की इंजिन गुदमरून थांबे. त्यासाठी एक छोटी झडप बसवावी लागली. दर फेरीला ताजी वाफ साचलेल्या हवेला त्या झडपेतून फुसकन बाहेर काढी. पोकळी घडवणे सोपे, राखणे अवघड, हा धडा पहिल्याच इंजिनाने दिला.

६/२२
१७६५ च्या मे महिन्यातील एका रविवारी ग्लासगोच्या हिरवळीवर फिरताना जेम्स वॉटला वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली, हे बहुतेकांनी शाळेत वाचलेले असते. सिलिंडर गरमच राहू द्यावा, वाफ शेजारच्या थंड भांड्यात नेऊन विरवावी. कोळशाची मोठी बचत. त्या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. कंडेन्सरमध्ये साचणारे पाणी आणि हवा काढायची कशी, याचाही विचार वॉटने त्याच वेळी केला. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, पाणी पस्तीसेक फूट खोल नळातून आपोआप उतरू द्यायचे आणि हवेसाठी छोटा पंप ठेवायचा. दुसरी, एकाच मोठ्या पंपाने दोन्ही उपसायचे. त्याने दुसरी वाट धरली. पहिली वाट साखर कारखान्यांनी पुढे आपलीशी केली.

७/२२
थोडीशी हवा एवढा घात कसा करते? कंडेन्सरच्या थंड नळ्यांकडे वाफ धावते, तिथे पाणी होते आणि निथळून जाते. वाफेबरोबर आलेली हवा मात्र नळीपाशीच रेंगाळते. देवळाच्या दारात चपला शोधत उभे राहिलेले लोक स्वतः आत जात नाहीत आणि मागच्यांनाही जाऊ देत नाहीत, तशी ही हवेची पातळ साय नळीभोवती बसते. अमेरिकी रसायन अभियंता डोनाल्ड ऑथमर याने १९२९ मध्ये हे मोजून दाखवले. वाफेत शेकडा अर्धा भाग हवा मिसळली, तरी उष्णता नळीकडे जाण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. सांध्यांतून झिरपणारी आणि पाण्यातून सुटणारी हवा सतत काढत राहणे, हेच निर्वात तंत्राचे खरे काम होय.

८/२२
आता साखरेकडे. गुऱ्हाळाच्या काहिलीत रस उघड्यावर उकळतो तेव्हा रंग गडद होतो, तळ लागण्याची भीती असते. गुळव्याची सारी कसोटी तिथेच लागते. गुळाला तो रंग आणि ती चव शोभते. पांढऱ्या साखरेच्या व्यापाऱ्याला मात्र करपलेला प्रत्येक थेंब तोटाच. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१२-१३ मध्ये यावर उपाय शोधला. बंद भांडे, त्याला कंडेन्सर आणि हवा उपसणारा पंप. कमी दाबाखाली पाक कमी तापमानाला उकळू लागला. ‘व्हॅक्यूम पॅन’ हे त्या भांड्याचे नाव. आजही साखर कारखान्यात ते नुसते ‘पॅन’ म्हणून ओळखले जाते.

९/२२
अटलांटिकपलीकडे लुइझियानाच्या मळ्यांत चित्र वेगळे होते. तिथे ‘जमैका ट्रेन’ नावाची पद्धत चाले. एकाच लांब भट्टीवर उघड्या कढयांची रांग, मोठीकडून लहानीकडे. गुलाम मजूर लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतत पुढे नेत. गळिताच्या दिवसांत हे काम रात्रंदिवस चाले. दाट होत जाणारा पाक अंगावर उडाला तर कातडीला चिकटून राही. भाजणे, थकव्याने तोल जाणे हा त्या कामाचाच भाग समजला जाई. जळणाचीही नासाडी होई, कारण प्रत्येक कढईतून उठणारी वाफ आणि तिच्यातली उष्णता थेट आकाशात जात असे.

१०/२२
ही नासाडी थांबवणारा माणूस न्यू ऑर्लीन्समध्ये १७ मार्च १८०६ रोजी जन्मला. नाव नॉर्बेर रिल्यू. वडील गोरे, अभियंते आणि मळेवाले. आई कॉन्स्टन्स व्हिव्हाँ ही मुक्त कृष्णवर्णीय स्त्री. जन्माने नॉर्बेर स्वतंत्र होता, पण त्या समाजात समान नव्हता. वडिलांनी त्याला शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले. विशी-पंचविशीतच तो तिथे यंत्रशास्त्र शिकवू लागला. वाफ आणि उष्णता यांचा अभ्यास करताना त्याला जो प्रश्न पडला तो साधा होता : एका भांड्यातल्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्यातला रस का उकळवू शकत नाही?

११/२२
उत्तर आहे : दोन्ही भांड्यांत दाब सारखा असेल तर नाही उकळवू शकत. उष्णता वाहायला तापमानात फरक हवा. रिल्यूने तो फरक निर्वाताने घडवला. दुसऱ्या भांड्यात दाब कमी, म्हणून तिथला रस कमी तापमानाला उकळतो; पहिल्याची वाफ त्याला पुरेशी गरम ठरते. तिसऱ्यात दाब आणखी कमी. शेवटच्या भांड्याला कंडेन्सर आणि हवा-पंप जोडलेला. एकदा दिलेली उष्णता अशी भांड्यागणिक पुन्हा कामाला लागते. एका भांड्यात एक किलो वाफ साधारण एक किलो पाणी उडवते, तर तिहेरी संचात जवळजवळ तिप्पट. रिल्यूला १८४३ आणि १८४६ मध्ये अमेरिकी पेटंटे मिळाली. शेवटच्या टोकाची हवा नीट निघाली नाही, तर मात्र संपूर्ण साखळीच थंडावते.

१२/२२
१८४५ मध्ये थिओडोर पॅकवुडच्या मर्टल ग्रोव्ह मळ्यावर हा संच यशस्वी झाला. त्याची जाहीर तरफदारी करणारा मळेवाला म्हणजे ज्यूडा बेंजामिन; हाच गृहस्थ पुढे गुलामगिरी राखण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणी राज्यसंघाचा मंत्री झाला. कृष्णवर्णीय मातेच्या मुलाने लावलेल्या शोधाने मळेवाले अधिक श्रीमंत झाले. पळ्यांचे ते जीवघेणे काम जिथे संच बसला तिथे संपले, पण गुलामी संपली नाही. ती संपायला गृहयुद्ध आणि १८६५ ची घटनादुरुस्ती लागली. १८५० च्या दशकात मुक्त कृष्णवर्णीयांवरील बंधने वाढत गेली. रिल्यू पॅरिसला परतला आणि ८ ऑक्टोबर १८९४ रोजी तिथेच वारला. साखर, कागद, दूध, मीठ अशा अनेक उद्योगांतले आजचे बहुविध बाष्पीभवन संच त्याच्याच कल्पनेचे वंशज आहेत.

१३/२२
इथवर हवा उपसण्याचे काम पिस्टनचा पंप करत होता. त्याला झडपा, कातडी गाद्या, वंगण, दुरुस्ती, सारे लागे. हलणारा एकही भाग नसलेला पंप शक्य आहे, हे जगाने पाहिले ते एका विमानविद्येच्या वेडापायी. १८५२ मध्ये वाफेच्या इंजिनावर चालणारे हवाई जहाज पॅरिसवरून उडवणारा फ्रेंच अभियंता आंरी जिफार याने १८५८ मध्ये ‘इंजेक्टर’चे पेटंट घेतले. बॉयलरमधलीच वाफ अरुंद तोंडातून वेगाने सोडायची. ती थंड पाण्याला मिसळून, त्याला वेग देऊन, पुन्हा त्याच बॉयलरमध्ये घुसवते. अनेकांना ही हातचलाखी वाटली. पण हिशोब चोख होता : वाफ विरताना तिची उष्णता पाण्यात उतरते, आणि उरलेला जोर पाण्याला आत ढकलायला पुरतो.

१४/२२
इंजेक्टर पाणी आत ढकलतो. त्याचा भाऊ ‘इजेक्टर’ हवा बाहेर ओढतो. रचना पाहिली तर एक तोटी, एक कक्ष आणि कंबर आवळलेला एक नळ. दाबाखालची वाफ तोटीतून सुटताना आपला दाब गमावते आणि त्याबदल्यात वेग मिळवते. चांगल्या तोटीतून तिचा वेग ध्वनीच्याही पुढे, सेकंदाला किलोमीटरच्या आसपास जातो. हा झोत कक्षातली हवा आपल्याबरोबर फरफटत नेतो. पुढे नळ आधी आवळतो आणि मग रुंदावतो. तिथे मिश्रणाचा वेग उतरतो, दाब चढतो, आणि ते बाहेर पडते. पिस्टन नाही, चाक नाही, वंगण नाही. सारे काम केवळ आकार करतो. अशा इजेक्टरला पहिली मोठी नोकरी मिळाली ती कारखान्यात नव्हे, तर रेल्वेत.

१५/२२
१८७० च्या दशकात ब्रिटनमध्ये निर्वात ब्रेक आले. इंजिनावरचा इजेक्टर गाडीभर पसरलेल्या नळातली हवा ओढे, आणि पोकळी तयार झाली की ब्रेक लागत. साधी, स्वस्त योजना. तिच्यातला दोष १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे उघडा पडला. रविवारच्या धर्मशाळेच्या सहलीची, मुलांनी भरलेली पंधरा डब्यांची गाडी चढावर अडली. इंजिनाला ओझे पेलेना, म्हणून गाडी तोडून पुढचा भाग आधी नेण्याचे ठरले. जोडणी सुटताच मागच्या दहा डब्यांतली पोकळी गेली, आणि पोकळीबरोबर ब्रेकही. आधाराला उरला गार्डचा हाताने फिरवायचा ब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड.

१६/२२
पुढचा भाग किंचित मागे सरकला, धक्का बसला, दगड चिरडले. दहा डबे उतारावरून मागे धावत सुटले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. डब्यांची दारे कुलूपबंद होती. सुमारे ८० माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि ‘स्वयंचलित’ ब्रेक सक्तीचे केले. स्वयंचलित म्हणजे काय, तर योजना उलटी करायची. गाडी चालू असताना नळात पोकळी कायम ठेवायची. ती आहे तोवर ब्रेक सुटलेले. नळ तुटला, डबा सुटला, हवा आत शिरली की ब्रेक आपोआप लागतात. तंत्र तेच राहिले. फक्त बिघाडाच्या वेळी यंत्राने कोणत्या बाजूला झुकावे, हे बदलले. तो बदल कायद्यात यायला एवढे मृत्यू लागले.

१७/२२
या नव्या योजनेत इजेक्टरला विश्रांती उरली नाही. इंजिनावर दोन इजेक्टर बसू लागले. मोठा, ब्रेक झटपट सोडवण्यासाठी. आणि छोटा, जो प्रवासभर चालूच असे, कारण गाडीच्या शेकडो सांध्यांतून हवा सतत झिरपत राही. न्यूकमेनच्या छोट्या झडपेचेच काम, रूप नवे. भारतातील रेल्वेतही निर्वात ब्रेक दीर्घकाळ नांदले. १९८० च्या दशकापासून त्यांची जागा हवेच्या दाबाच्या ब्रेकने घेतली. डब्यातली धोक्याची साखळी ओढली की गाडी थांबे, त्यामागे याहून गूढ काही नव्हते. साखळी एक झडप उघडी, नळात हवा शिरे, आणि गाडी आपोआप जखडली जाई.

१८/२२
कारखान्याकडे इजेक्टर वळला तो टर्बाइनमुळे. चार्ल्स पार्सन्सने १८८४ मध्ये वाफेचे टर्बाइन बनवले आणि १८९१ मध्ये त्याला प्रथमच कंडेन्सर जोडला. पिस्टनच्या इंजिनाला फार खोल पोकळीचा उपयोग नव्हता. पाऱ्याच्या ३२ मिलिमीटर दाबाला एक किलो वाफ सुमारे ३३ घनमीटर जागा व्यापते, वातावरणीय दाबाच्या जवळजवळ वीसपट. एवढी वाफ मावेल असा सिलिंडर बांधणार कोण? टर्बाइनच्या पात्यांना मात्र ही पसरलेली वाफ चालत होती, किंबहुना तिच्यातूनच जादा काम मिळत होते. पोकळी जितकी खोल, तितका कोळसा कमी. आता कंडेन्सरमधल्या शेवटच्या चिमूटभर हवेलाही किंमत आली, आणि पिस्टनचे पंप तिथेच थकू लागले.

१९/२२
विसाव्या शतकाच्या आरंभी पार्सन्सने कंडेन्सर आणि पंप यांच्यामध्ये वाफेचा एक छोटा झोत बसवला. तो कंडेन्सरमधली हवा ओढून थोड्या जास्त दाबावर आणी. मध्ये एक छोटा थंड कक्ष झोताची वाफ विरवून टाकी. उरलेली, आता दाटलेली हवा पंपाला सहज पेले. याच सुमारास फ्रान्समध्ये मोरिस लब्लांक हा अभियंता इजेक्टरच्या साहाय्याने पाणीच थंड करण्याच्या मागे लागला होता. (आर्सेन ल्युपँ या चोराच्या कथा लिहिणारा लेखक त्याच नावाचा, पण माणूस दुसरा.) पाण्यावरचा दाब पुरेसा उतरवला की पाणी स्वतःचीच उष्णता खर्चून उकळते आणि गार होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत इमारती आणि रेल्वेचे डबे याच तत्त्वावर वाफेने थंड केले जात होते.

२०/२२
पुढचे पाऊल म्हणजे पंपाच्या जागीही दुसरा इजेक्टर. याचा हिशोब समजून घेण्याजोगा आहे. एक इजेक्टर दाब साधारण पाच ते दहा पट चढवू शकतो. म्हणून ३० मिलिमीटरवरून ७६० वर जायला दोन टप्पे लागतात, ३० वरून सुमारे १५० आणि १५० वरून बाहेर. पण पहिल्या टप्प्याची वाफही हवेबरोबर पुढे गेली, तर दुसऱ्याला दुप्पट-तिप्पट ओझे ओढावे लागेल. म्हणून दोन टप्प्यांमध्ये कंडेन्सर. तो वाफ विरवून दूर करतो आणि दुसऱ्यापुढे मुख्यतः हवाच ठेवतो. याला मर्यादा आहे ती थंड करणाऱ्या पाण्याची. पाणी ३० अंशांचे असेल, तर त्या कंडेन्सरमधला दाब ३२ मिलिमीटरखाली जाऊच शकत नाही. उन्हाळ्यात पोकळी उथळ होते, थंडीत खोल.

२१/२२
तेलाच्या उद्योगात या जोडगोळीने कायमचे ठाण मांडले. खनिज तेलाचे जड अंश साध्या दाबाखाली साडेतीनशे अंशांपलीकडे तापवले की फुटू लागतात. म्हणून ते पोकळीत ऊर्ध्वपातित करतात, आणि ती पोकळी बहुतेक ठिकाणी दोन-तीन टप्प्यांचे इजेक्टर राखतात. या कल्पनेचे मूळ जुने आहे. १८६६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे मॅथ्यू यूइंग आणि हायरम एव्हरेस्ट यांनी पोकळीत तेल गाळणारी ‘व्हॅक्यूम ऑइल कंपनी’ काढली. त्यांना हवे होते रॉकेल. तळाशी उरलेला चिकट अंशच उत्तम वंगण निघाला. १९३१ मध्ये ही कंपनी न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइलमध्ये विलीन झाली. तिचे नाव मुंबईपर्यंत पोहोचले : १९५४ मध्ये तुर्भे येथे, म्हणजे ट्रॉम्बेला, सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना ‘स्टँडर्ड-व्हॅक्यूम’ कंपनीचा होता. पुढे राष्ट्रीयीकरणानंतर तो हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आला.

२२/२२
इजेक्टर वाफ भरपूर खातो, म्हणून आज अनेक ठिकाणी विजेवरचे पंप त्याची जागा घेत आहेत. महाराष्ट्रातल्या अनेक साखर कारखान्यांत वाफेऐवजी पाण्याचेच झोत कंडेन्सरमधली वाफ विरवतात आणि हवाही ओढून नेतात. हरेगावच्या बेलापूर कंपनीपासून १९५० मध्ये प्रवरेकाठी उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यापर्यंत आणि पुढेही रिल्यूची भांडी व हॉवर्डचे पॅन दर गळीत हंगामात उकळत आले. या तीनशे वर्षांत पोकळी घडवण्याची युक्ती फारशी बदललेली नाही. वाफ विरली की ती होते. बदलत गेला तो उरलेल्या हवेचा बंदोबस्त : न्यूकमेनची झडप, वॉटचा पंप, आर्माच्या अपघातानंतर सतत चालू राहिलेला छोटा इजेक्टर, पार्सन्सचा झोत. ज्यांनी ही हवा गृहीत धरली त्यांची यंत्रे टिकली. जिथे ती विसरली गेली तिथे इंजिने गुदमरली, कोळसा वाया गेला आणि एकदा तर मुलांनी भरलेले डबे उतारावरून सुटले. पुढच्या हंगामात एखाद्या कारखान्यात जाणे झाले, तर वरच्या त्या पिंपाखालचा नळ नजरेने मोजून पाहावा. दहा मीटर आणि वर थोडे. टॉरिचेलीचा स्तंभ तिथे आजही उभा आहे, फक्त काचेऐवजी लोखंडाचा.